दाजींची टोपी

टेबलावर ठेवतोय अशा समजुतीनं मी चहाचा भरलेला कप दाजींच्या टोपीत ठेवला. टोपी उलटी होती, आतून काळीकुट्ट. कप कलंडला. माझ्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, कपाळावर हात मारला. दाजी एवढंच म्हणाले, "हात धू आधी." स्वभावच तसा. बोलणं मोजून, काम न मोजता.

दाजी फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये कीडनाशक औषधाची फवारणी करतात. अकरा वर्षं झाली. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, पायात गमबूट. लग्नातसुद्धा माणूस इतका नटला नव्हता, असं ताई म्हणते. तरी अलीकडे डोकं ठणकायचं, घाम फुटायचा, समोरचं धूसर दिसायचं. एकदा झेलकांडून गुलाबांत पडले. मुकादमानं बजावलं, "पुन्हा पडलात तर पंप खाली ठेवायचा आणि घरी बसायचं."

गंमत म्हणजे रविवारी, सुट्टीच्या दिवशीही बाजारातून येताना डोकं धरलेलंच. चष्मेवाल्यानं नंबर बदलला. ताईनं पित्त ठरवलं. मी जागरण म्हणालो. दाजी नऊला घोरतात, हे विसरून.

चहानं भिजलेली टोपी ताईनं धुतली, ती खिडकीत आठ दिवस वाळत पडली आणि दाजी बरे झाले! कामावर जात होते, तेच औषध मारत होते, डोक्याला साधा रुमाल, आणि डोकं शांत. चष्मेवाला खूश, ताई खूश. रविवारी टोपी वाळली, दाजी ती घालून भाजीला गेले आणि पिशवी दारातच टाकून मटकन बसले. आता कुणालाच काही कळेना. पित्त काय टोपीत असतं?

ताईनं त्यांना टोपीसकट दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फवारताना नळीचं तोंड तुंबलं की काय करता?"

"साफ करतो."

"आणि मग टोपीला हात लावता?"

दाजींचा हात आपोआप कपाळाशी गेला. दर वेळी ओल्या मोज्यानंच टोपी मागे सारायची सवय! बाईंनी मोजे चढवून टोपीतली चामडी पट्टी उलटली. अकरा वर्षांचं औषध तिच्यात मुरलेलं. चामडं धुतलं तरी ते निघत नाही. घाम आला की ओलं होतं आणि कपाळाच्या कातडीतून आत जातं. तळहातापेक्षा कपाळ ते जास्त ओढतं म्हणे.

"पण मास्क लावतो की मी," दाजी गोंधळून म्हणाले.

"मास्क नाकाला असतो, काका."

रक्त तपासलं, टोपी पिशवीत बांधून गेली, डोक्यावर धुता येणारं रबरी टोपडं आलं. महिना झाला, दाजी पडले नाहीत. पंप त्यांच्याच पाठीवर आहे.

काल मी कॉलर ताठ करून म्हणालो, "म्हणजे दाजी, तुमची नोकरी माझ्या चहानं वाचवली!"

"चहा तुझ्या बहिणीनं केला होता."