पातळी एक

ऑफिसात तिला सगळे चिंगूसताई म्हणत, आणि तिलाही त्यात गंमत वाटे. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर बसणाऱ्या नियंत्रक यंत्राचा प्रोग्रॅम तिच्या हातचा. आता या प्रोग्रॅमचं असं असतं बघा, की कंपायलर तो यंत्राला कळेल अशा रूपात उतरवतो, आणि सांगितलं तर मागे खुणाही ठेवतो. यंत्र कोलमडलं, की त्या खुणांवरून कारण शोधायचं. खुणा किती ठेवायच्या, याच्या पातळ्या असतात. शून्यावर कोरी पाटी. एकवर काम कोणत्या ओळीवर अडलं एवढंच कळतं. दोनवर त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणता आकडा होता, तेही कळतं.

वर्षानुवर्षं दोनच चालत आली होती. पण खुणा जागा खातात, डिस्क गळ्यापर्यंत भरली तेव्हा हिनं कंबर कसली नि पातळी एकवर आणली. पुढे नवा कंपायलर आला, तर जुना कोणाला लागतोय म्हणून तोही पुसून टाकला. साहेब खूश!

शेजारचा टेस्टर म्हणाला, "ताई, घरी चहात साखरेचे दाणे मोजून टाकता का हो?"

"मोजते ना. तुझ्या कपात तर एकही टाकणार नाही."

तिचा थोरला भाऊ एका पंपघरात ऑपरेटर होता, सव्वीस वर्षं. हिचं यंत्र तिथं बसलं, तर हा येईल त्याला सांगायचा, "हात धुऊन शिवा रे, माझ्या बहिणीनं केलंय ते!"

एका सकाळी तेच यंत्र मध्येच बंद पडलं. झडप उघडीच राहिली नि खालच्या गल्लीत घराघरात गुडघाभर पाणी शिरलं. चौकशीवाले म्हणाले, यंत्रात आकडा भरताना ऑपरेटरनं चाळीसच्या जागी चारशे दाबले. भाऊ म्हणाला, चाळीसच दाबले. यंत्रानं बंद पडताना स्वतःची मेमरी एका फाइलीत जपली होती. ती फाइल बहिणीच्या टेबलावर आली.

"बयो, माझा आकडा असेल ना गं त्यात?" त्यानं फोनवर विचारलं.

"असणारच, दादा. तू जेव नीट."

तिनं फाइल उघडली. ओळ दोनशे बारा, आकडा तपासण्याची. कोणता आकडा? तिथं खूणच नव्हती. नावं नसलेल्या मेमरीत आकड्यांचा नुसता ढीग. चाळीस हा आकडा अकरा ठिकाणी सापडला, चारशे हा सात ठिकाणी. त्यातला दादाचा कोणता?

मग तिनं तोच प्रोग्रॅम पातळी दोन लावून पुन्हा उतरवून पाहिला. पण पंपघरातला प्रोग्रॅम जुन्या कंपायलरनं उतरवलेला, नव्याची मांडणीच निराळी, खुणा जुन्या फाइलीवर बसेनात. जुना कंपायलर असता तर चोख बसल्या असत्या. तो तिनं सगळीकडे शोधला, कोणाकोणाला विचारलं. पुसणारी तर तीच होती.

चौकशीत तिनं खरं तेच सांगितलं, "ओळ सांगता येते. आकडा नाही."

भावाची नोकरी गेली. पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "जाऊ दे गं, तुझा काय दोष. तू तरी मानतेस ना, चाळीसच होते?"

आयुष्यभर ती पडद्यावर दिसेल तेवढ्यावरच विश्वास ठेवत आलेली. "हो," ती म्हणाली. पण एका श्वासाचा उशीर झाला. भावानं तो ऐकला. कठड्याला धरून तो उतरत राहिला.

आता ऑफिसात पातळी दोन आहे. टेस्टर म्हणतो, "ताई, डिस्क भरत आली." ती म्हणते, "भरू दे." चिंगूसताई आता कोणी म्हणत नाही.

भाऊ रविवारी येतो. तिच्या स्वयंपाकघरातला साधा नळ सोडायचा, तरी आधी मोठ्यानं सांगतो, "अर्धाच फिरवतोय गं!" आणि कोणी ऐकेपर्यंत हात तोटीवर तसाच ठेवून उभा राहतो.

ती घरात असेल तिथून ओरडते, "ऐकलं, दादा. अर्धाच."

मग तो नळ सोडतो.