न झालेल्या भूकंपाची आणेवारी

माझ्या सासऱ्यांइतका घरांवर अविश्वास असलेला माणूस खालापूर-कर्जत भागात दुसरा झाला नसेल. महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी सगळी नोकरी भातपिकाची आणेवारी ठरवण्यात घालवली होती. बांधावर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि सोळा आण्यांपैकी पीक किती आणे ते सांगायचे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी उत्तरेकडच्या एका मोठ्या भूकंपाची बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून ते घरांची आणेवारी करू लागले. भूकंप झालाच, तर कोणाचे घर किती आणे पडेल? आमच्याकडे जमीन हलल्याचे कोणालाच आठवत नव्हते. तसे मी म्हटले, तर म्हणाले, "म्हणूनच आत्ता केलेली बरी. नंतर सगळी सारखीच दिसतात."

काठीने भिंती ठोकत, घरधन्याला माळ्यावर उड्या मारायला लावत ते गावोगाव हिंडले. चौक गावच्या एका व्यापाऱ्याच्या नव्याकोऱ्या दगडी माडीचे त्यांनी चौदा आणे नुकसान ठरवले. तो वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. ठाकूरवाडीत एका म्हाताऱ्याच्या कारवीच्या कुडाच्या खोपीला एकच आणा. म्हातारा हसला, "सायब, ती वाऱ्यानंबी पडते. सांजच्याला परत उभी करतो आमी." सासरे गंभीरपणे म्हणाले, "मग अर्धा आणा."

स्वतःचे घर, म्हणजे आम्ही सगळे राहत होतो ते, त्यांनी शेवटी पाहिले. मागची मातीची भिंत पहिल्याच धक्क्याला आत येणार, असे ठरले. आणि तिच्याच खिडकीशी अर्धांगाने पडून असलेल्या सासूबाईंची खाट होती. भिंत उतरवायची, तर खाट हलवायला हवी. सासऱ्यांनी बायकोपुढे हात जोडले.

"मला डोंगर दिसू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा भूकंप तुम्ही सांभाळा."

तेव्हापासून भिंत आणि खाट यांच्यामधल्या हातभर जागेत ते अंथरूण घालू लागले. मला म्हणाले, "आधी माझ्यावर येईल. तेवढ्यात तुम्ही तिला बाहेर काढा." शहाणपण म्हणावे की वेड, मला ठरवता येईना.

धक्का कधी आला नाही. ते साध्या तापाने गेले.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली. "जावईबापू, खाट माजघरात घ्या."

"पण तिथून डोंगर दिसणार नाही."

"नको दिसू दे. मला या भिंतीची भीती वाटते आता."

मी गोंधळून भिंतीकडे पाहिले. ती होती तशीच होती; मधली हातभर जागा तेवढी रिकामी होती. मग मी आणि बायकोने खाट उचलली.