जुन्याशेजारी नवी

भोरमधल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाची वाटणी मी करते. गेल्या चैत्रात गावोगावच्या यात्रांची कामं एकदम अंगावर आली, तेव्हा मी आमच्या मुरलेल्या डिझायनरशेजारी हिर्डोशीहून आलेली नवी मुलगी बसवली. मालकांना ते पटलं नाही. जुन्यांनी यात्रा उरकाव्यात आणि नव्यांनी आतल्या खोलीत वाढदिवसाचे फ्लेक्स गिरवावेत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना लगेच निमित्त मिळालं. मुलीनं एका कमानीच्या फ्लेक्सची लांबी-रुंदी उलटी टाकली. छापून आला तो कमानीवर नव्हे, खांबावर लावण्याजोगा.

"अजून एक चूक, की ही घरी," मालक म्हणाले.

"तपासायचं काम शेजारच्याचं होतं. मग दोघांनाही धाडा घरी," मी म्हटलं.

जुन्याला काढणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी तो विषय सोडला, पण मुलीला दिलेली ताकीद कायम राहिली.

जुन्याचा हात भरभर चालायचा, कारण तो मागच्या वर्षीची फाईल उघडून फक्त तारीख बदलायचा. वेल्ह्याकडच्या एका गावाचं काम तसंच चाललं होतं. खाली स्वागताला हात जोडून उभ्या माणसांची रांग.

मुलगी म्हणाली, "दादा, हे सगळे हायेत ना?"

"हायेत म्हंजे?"

"जिवंत."

"तू काय शिरगणती करतीस व्हय गं?"

"फोन करून इचारू का?"

"कर बाई. तसंबी आपलं लई लवकर चाललंय!"

फोन झाला. रांगेतले एक आजोबा दिवाळीनंतर वारले होते. गेलेल्या माणसाचा फोटो आमच्याकडे वर, गोलात, 'प्रेरणास्थान' म्हणून लागतो. ते खाली स्वागताला हसत उभे दिसले असते, तर घरच्यांनी भर यात्रेत फ्लेक्स उतरवला असता. जुन्यानं फोटो वर नेला.

संध्याकाळी मालक म्हणाले, "एकदा जमलं, बरं. पण वेळ किती गेला?"

"गेला. उद्याही जाईल. जोडीनं काम हळू होतं, ते मी रोज बघते."

"मग यात्रा कशा उरकायच्या, ताई?"

"कमी घ्यायच्या. ती मुलगी उठणार नाही. उठवायची असेल तर उद्यापासून वाटणी तुम्ही करा."

त्यांनी माझ्यासमोरच एका गावाला फोन लावला आणि "यंदा न्हाई जमायचं" म्हणून सांगितलं. सांगताना बघत होते माझ्याकडे, जणू गिऱ्हाईक मीच हाकललं.

हो, मीच.