लाइट येस्तवर

तापलेल्या चार्जरचा वास आला की भोंगवलीतली लोडशेडिंगची ती दुपार आठवते. लॅपटॉप दुरुस्त करणारा भोरचा मित्र माझ्या लॅपटॉपचा पंखा साफ करून घेऊन आला होता. मी मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला, तर गाडी अडखळत रांगायला लागली. "आतला चांगला पार्ट काढून घेतलास ना?" मी आईसमोरच विचारलं. "न्हाई रे, बॅटरीवर मंदच चालतो ह्यो. लाइट येस्तवर थांब की," तो म्हणाला. मी थांबलो नाही, वाट्टेल ते बोललो. तो चहा तसाच ठेवून उठला. तासाभरात लाइट आली, चार्जर लावला आणि गाडी सुसाट सुटली. भोरची एसटी रोज दारावरून जाते. माफी मागायला मी अजून तिच्यात चढलेलो नाही.