आकाशाकडे तोंड केलेलं यंत्र

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत माझी पेटी उघडायला लावली. आत फोममध्ये बसवलेला क्वार्ट्झचा छोटा घुमट पाहून जवानाने हे काय म्हणून विचारलं. आकाशातून येणारे अतिनील किरण मोजायचं यंत्र, मी सांगितलं. ते किरण दिसतात का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याने झाकण लावून पेटी पुढे सरकवली.

पुण्यात आम्ही अशी यंत्रं बनवतो. आराखडा माझा असतो. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने दोन वर्षांपूर्वी आमचं यंत्र गच्चीवर बसवलं होतं. त्याचा आकडा वाढला की आवारातला दिवा हिरव्याचा पिवळा आणि शेवटी तांबडा होतो, आणि तांबडा झाला की उघड्यावरचं काम थांबतं. अलीकडे दिवा तांबडा होतच नाही, असं त्यांनी कळवलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

मस्कतला उतरून रात्र अझैबा भागातल्या एका हॉटेलात काढली. सकाळी शहरातल्याच गाला भागातल्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रासाठी आधारपट्टी कापून घेतली आणि सोहारचा रस्ता धरला. गाडी चालवणारा सालेम वाटेतल्या एका गावातला. त्याने घराशी थांबून कहवा (वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी) आणि खजूर दिले. उजवीकडे समुद्र होता, पण दमट धुरकट हवेत तो दिसत नव्हता. डावीकडचे डोंगर नुसत्या सावल्यांसारखे. एप्रिल असूनही खिडकीची काच हाताला भाजत होती.

कारखान्यात सुरक्षेचं काम पाहणारे सावंत भेटले, कणकवलीचे. त्यांनी मला गच्चीवर नेलं. जुन्या यंत्राशेजारी मी माझं ताजं तपासलेलं यंत्र लावलं. साडेअकराला माझ्या यंत्रावर दहा आकडा होता आणि जुन्यावर सहा. पुन्हा पाहिलं, वायर बदलून पाहिलं. दहा आणि सहाच. खाली आवारात दिवा पिवळा होता आणि माणसं काम करत होती.

जुनं यंत्र मी तिथेच सावलीत उघडलं. घुमटाखालची रबराची कडी उन्हाने वाळून चिरली होती. तिथून खारट दमट हवा आत जाऊन फिल्टर दुधासारखा धुरकट झाला होता. ओल शोषणारे निळे मणी ओलीने भरून केव्हाच गुलाबी पडले होते. ते दिसावेत म्हणून ठेवलेली खिडकी यंत्राच्या खालच्या अंगाला होती. यंत्र उचलल्याशिवाय ती कुणालाही दिसली नसती. ती कडी मी निवडली होती आणि खिडकीची जागाही मीच ठरवली होती.

नोंदी काढल्या तेव्हा कळलं, आकडा निदान सात महिने घसरत होता.

सावंतांनी हळू आवाजात सुचवलं की नवं यंत्र लावू, अहवालात देखभाल केली एवढं लिहू, खलास (विषय संपला). माणसांना सांगून उगाच घबराट कशाला. मी म्हटलं, आजच सांगायचं. दुपारच्या जेवणाआधी त्यांनी उघड्यावर काम करणाऱ्यांना शेडमध्ये बोलावलं. मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. माणसं जेवायला गेली. एक जण मागे राहिला.

ते इस्माईलभाई, दापोलीकडचे, पन्नाशी उलटलेले. पाइपांवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचं काम वीस वर्षं करत होते. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाचा लालसर पडदा वाढून बुबुळावर आला होता.

"बाय, तुमचं यंत्र वर बघतं," ते म्हणाले. "आम्ही पत्र्याकडे बघतो. तिथं ठेवून बघितलंत कधी?"

नव्हतं बघितलं. मी यंत्र घेऊन त्यांच्यामागे पाइपांपाशी गेले आणि घुमट खाली पत्र्याकडे वळवला. आकडा आकाशाच्या आकड्याच्या जवळपास पोहोचला. म्हणजे वरचं ऊन आणि पत्र्यावरून उलटणारं ऊन, दोन्ही या माणसांच्या तोंडावर येत होतं. सुरक्षेची टोपी वरचं अडवत होती, खालचं सरळ डोळ्यांत जात होतं. यंत्र बिघडलं नसतं तरी हे त्यात दिसलं नसतं.

मी त्यांच्या डोळ्याबद्दल विचारलं. पाच-सहा वर्षांपासून आहे, ते म्हणाले. धुळीचं असेल असं समजत होते.

संध्याकाळी अहवालात मी सगळं लिहिलं. पत्र्याचं काम करणाऱ्यांचे डोळे लगेच तपासावेत, असंही लिहिलं. उदाहरण म्हणून इस्माईलभाईंचं नाव घातलं. मला ते योग्यच वाटत होतं.

कंपनीने तत्परता दाखवली. तिसऱ्या दिवशी तपासणी झाली. उजव्या डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून उंचीवरच्या कामाला अपात्र, असा इस्माईलभाईंचा शेरा आला. जमिनीवरचं काम त्यांच्यासाठी नव्हतं. त्यांच्या तिथल्या कामाच्या परवान्याची मुदत संपत आलीच होती, तो पुढे वाढवणार नाहीत, हे सावंतांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

निघायच्या दिवशी मी इस्माईलभाईंना शोधत गेले. ते शेडमध्ये पत्रा कापायची कात्री पुसत होते. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, त्यांनी हाताने थांबवलं.

"तुम्ही खोटं नाय बोललात, त्याला मी नावं नाय ठेवत," ते म्हणाले. "पण माझं नाव लिवायच्या आधी मला विचारायचं होतं. डोळा माझा होता."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि कात्री पुसत राहिले.

परतीच्या विमानात मी वहीत नवा आराखडा काढला. एक घुमट वर, एक खाली, मण्यांची खिडकी समोर. अशी दोन यंत्रं पुढे सोहारला गेली. दिवा आता वेळेवर तांबडा होतो, असं सावंत कळवतात. पत्र्याच्या कामाला बाजूंनी झाकणारे काळे चष्मे आले आहेत. त्या माणसांचे डोळे कदाचित वाचतील.

इस्माईलभाई दापोलीला परतले. मुंबईत शस्त्रक्रियेची व्यवस्था करते म्हणून मी फोन केला. पडदा काढता येतो, पण बुबुळावर उरलेला व्रण जात नाही, हे दापोलीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरात विचारून सांगतो म्हणाले. त्याला चार महिने झाले. मी पुन्हा फोन केलेला नाही. या वेळी त्यांच्या उत्तराची वाट बघायची, एवढंच मला सुचतं.