वळणावरची ओरड

बाबालाल मिस्त्रीकडं येझदी फटफटी होती. रविवारी उद्यमनगरातलं गॅरेज बंद करून तो बायकोला, रशिदाभाभीला, मागं बसवायचा आणि राधानगरीच्या वळणावळणाच्या रस्त्याला गाडी घालायचा. वळणावर गाडी वाकली की भाभी किंचाळायची, "अवो, सावकाश की! मारताय काय मला?" आणि हा गडगडून हसायचा.

भाभी गेली आणि याचं हसणं बंद झालं. दिवसभर नुसता पाना फिरवत राहायचा.

अठ्ठ्याहत्तर साली मीच त्याला ओढून मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीसाठी नेलं. म्हटलं, जरा माणसात येईल. तिथल्या नियमानं हॉर्न, दिवा काढला. मागचे फूटरेस्ट काढताना मात्र त्याचा हात रेंगाळला. रुमालात गुंडाळून माझ्याकडं दिले. "सांभाळा," एवढंच म्हणाला.

सरळ पट्टीवर बाबालाल सगळ्यांच्या पुढं. वळण आलं की ब्रेक. दर फेरीला तेच. शेवटून पहिला आला गडी.

गावात चहाच्या गाड्यावर लोक फिदीफिदी हसले, "मिस्त्री भ्यालं!" माझं टाळकंच फिरलं. मी चार शिव्या हासडल्या. बाबालालनं माझा हात धरून खाली बसवलं.

"ती वरडली की समजायचो, आता बास, ह्याच्या म्होरं वाकवायची न्हाय. तितं मागनं कुणी वरडलंच न्हाय. मग मला कळंना, किती वाकवायची ते."