भागीचं बिननावाचं दुखणं

किस्से साठतात ते सांगायला माणूस मिळेनासा झाला की. एरवी एखादी गोष्ट घडली, तर शनिवारी कुणाच्या तरी घरी जेवणावर ती सांगून होते, हसून होते आणि संपते. महामारीच्या त्या दोन वर्षांत कुणीच कुणाकडे जेवायला जात नव्हतं. त्यामुळे आमच्या भागीच्या आजारपणाचे किस्से खर्च न होता तसेच पडून राहिले. आता मंडळी जमली की मी एक सांगते, शेजारची वैशाली दुसरा सांगते, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, काय मजेत दिवस काढले यांनी! मजा अजिबात नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हसू येण्याची शक्यता आहे.

*

भागी म्हणजे भागीरथी, आमची मांजर. मी पुण्यात पीएच.डी. करत असताना हॉस्टेलच्या जिन्याखाली ती सापडली. लग्नानंतर मिलिंदला आइंडहोवनजवळ नोकरी लागली, आम्ही बेस्ट या गावात घर घेतलं, आणि भागी आमच्याबरोबर विमानाने आली.

इथे आल्यावर पशुवैद्यांनी तिला युरोपचा निळा पासपोर्ट करून दिला. आम्ही तिघं, म्हणजे मी, मिलिंद आणि आमची मुलगी प्रज्ञा, अजून दर काही वर्षांनी राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी कागद जमवत होतो. मिलिंद पाहुण्यांना भागीची ओळख करून देताना म्हणायचा, "आमच्या घरातली एकमेव युरोपियन. आम्ही तिचे डिपेंडंट."

त्या हिवाळ्यात ही युरोपियन जेवेनाशी झाली.

*

दवाखान्याचा नियम असा होता, की मालकाने गाडीतच थांबायचं. मास्क लावलेली मदतनीस बाहेर येऊन पिंजरा घेऊन जाई, आणि मग डॉक्टर फोन करत. डॉक्टर काचेपलीकडे उभ्या दिसत, त्यांचे ओठ हलताना दिसत, आणि आवाज मात्र कानाशी, किंचित उशिराने येई. माझ्या मांजरीच्या पोटावरून एक परकी स्त्री हात फिरवते आहे आणि मी वाहनतळावर बसून तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते पाहते आहे, हा प्रकार मी कुठल्याच शत्रूला सुचवणार नाही.

रक्त तपासलं. मूत्रपिंडाचे आकडे थोडे वर, पण एवढे नाहीत की त्यांनी सगळं स्पष्ट व्हावं. थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत काहीतरी धूसर दिसलं, जे पुढच्या वेळी दिसलं नाही. ताप यायचा, आपोआप जायचा. वजन मात्र एकाच दिशेने चाललं होतं.

"एव्हन आनकाइकन," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे थोडं थांबू, बघू. डच वैद्यकाचा अर्धा भाग या दोन शब्दांत मावतो.

मी विचारलं, "किती दिवस?"

काचेपलीकडे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तंत्रविद्यापीठात मोजमापशास्त्र शिकवते. आकडा सांगताना त्यातली अनिश्चितताही सांगायची, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणं माझं काम आहे. दोन्ही सांगता येत नसेल तर बोलूच नये, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. पुढे प्रत्येक भेटीत त्या "एव्हन आनकाइकन" म्हणाल्या आणि प्रत्येक भेटीत मी "किती दिवस?" विचारलं. मदतनीस मुली या संवादाची वाट पाहत असाव्यात, असा मला संशय आहे.

*

वैशाली आणि अनिरुद्ध कोथरूडचे, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. अनिरुद्ध एका यंत्रांच्या कंपनीत बिघाडाची मूळ कारणं शोधतो. भागीची बातमी कळताच त्याने ऑनलाइन मीटिंग बोलावली. भिंतीवर टकटक केली असती तरी ऐकू आलं असतं, पण त्याला स्क्रीन शेअर करायची होती.

पद्धत अशी, की पाच वेळा "का?" विचारायचं. पाचव्या उत्तराला मूळ कारण हाती लागतं.

भागी जेवत का नाही? मळमळत असावं. का? मूत्रपिंडं थकली असावीत. का? पाणी कमी पिते. का? इथे थंडी आहे. ती इथे का आहे? मिलिंदला नोकरी लागली.

अनिरुद्धने शेवटच्या चौकटीला लाल रंग दिला. मिलिंद शांतपणे म्हणाला, "राजीनामा आज पाठवू की सोमवारी?"

अकरा वर्षांची प्रज्ञा मागे सोफ्यावर भागीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. मान वर न करता ती म्हणाली, "ओमदात झे आउद इस." कारण ती म्हातारी झाली आहे.

मीटिंग तिथेच संपली.

*

गोळी देण्याचं काम मिलिंदकडे होतं. त्याचं ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. एका सकाळी त्याने गोळी दिली, भागीने ती थुंकली, त्याने पुन्हा दिली. "तोंड उघड. उघड म्हणतो ना. थुंकायचं नाही. गिळ. गिळ आता मुकाट्याने." त्याचा आवाज एरवी चढत नाही, त्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्याच आवाजाला धार आली होती.

ऑफिसच्या मीटिंगचा माइक चालू होता. डच सहकाऱ्यांनी सभ्यपणे काहीच ऐकलं नाही. लखनौच्या एका सहकाऱ्याचा तेवढा खासगी संदेश आला: "मिलिंद भाई, भाभीजी ठीक तो हैं ना?"

*

तिला सुई टोचायची होती त्या दिवशीची गोष्ट मी सहसा सांगत नाही. वैशालीने विषय काढला तरच.

दवाखान्यात भागी पिंजऱ्यातून निसटली आणि बेसिनखालच्या कपाटामागे जाऊन बसली. डॉक्टरांचा फोन आला: मी स्पीकर लावते, तुम्ही तिच्याशी बोला, तुमच्या भाषेत.

वाहनतळावर शेजारच्या गाडीत एक गृहस्थ ससा घेऊन बसले होते. आमच्या दोन्ही गाड्यांच्या काचा खाली होत्या. मी भर वर्गातही आवाज न चढवणारी बाई, मी फोनमध्ये मोठ्याने म्हटलं, "भागे, ये गं बाळा. ये. कुणी काही करणार नाही तुला."

ती आली. थेट फोनजवळ आली, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात सिरिंज तयारच होती.

घरी येताना भागी पिंजऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसली. मांजरांना असलं काही कळत नाही, हे मला माहीत आहे. मी सिग्नलला थांबले होते तेव्हाही मला ते माहीत होतं.

*

मी सुकट भाजायला घेतली, की वैशालीच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होते. आपटून नव्हे, अगदी हळू, सभ्यपणे. आम्ही बौद्ध, ते कट्टर शाकाहारी. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. इतक्या वर्षांत या खिडकीबद्दल आम्ही दोघींनी एक शब्द काढलेला नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलतो.

मार्चमध्ये ती कुंपणापाशी आली. दीड मीटर अंतर राखून, चेहरा ओशाळा करून तिने विचारलं, "मी भागीची दृष्ट काढू का गं? मीठ-मोहरीच ओवाळायची आहे नुसती. मला माहितेय, तुमच्यात चालत नाही."

मला "तुमच्यात" हा शब्द टोचला. मी म्हटलं, "आमच्यात पुरावा लागतो."

"मग तुझ्या डॉक्टरकडे आहे का पुरावा?" वैशाली म्हणाली आणि आत गेली.

नागपूरला आईला फोनवर हे सांगितलं. आई निवृत्त शिक्षिका, अंधश्रद्धेच्या बाबतीत माझ्याहून कडक. ती माझी बाजू घेईल असं मी गृहीत धरलं होतं. आई म्हणाली, "ती विचारायला आली ना तुला? मग नीट बोलायचं होतं."

*

एप्रिलमध्ये मी डॉक्टरांना आणखी तपासण्यांबद्दल विचारलं. मोठ्या रुग्णालयात पोटातला तुकडा काढून तपासता येतो, असं मी वाचलं होतं. भागी तोपर्यंत उचलली तर रिकाम्या पिशवीसारखी लागे. मी तिला सिरिंजने पातळ अन्न भरवत होते.

डॉक्टर म्हणाल्या, "करता येईल. भूल द्यावी लागेल, आणि ती त्यातून उठेल याची खात्री मी देत नाही. पण मला एक सांगा. आजाराचं नाव कळलं, तर तुम्ही वेगळं काय कराल?"

विद्यार्थ्यांना मी हाच प्रश्न विचारते: हे मोजून तुम्ही काय ठरवणार आहात? फोन कानाला लावून मी काचेपलीकडे पाहत होते. मग डॉक्टरच म्हणाल्या, की आता पथ्य नको, तिला आवडेल ते द्या. आणि शेवटचं इंजेक्शन द्यायला मी शुक्रवारी दुपारी तुमच्या घरी येऊ शकते, बागेत, म्हणजे तुम्हाला तिच्याजवळ बसता येईल.

मी शुक्रवार घेतला.

संध्याकाळी कुंपणापाशी वैशालीला सांगितलं. भागीला काय आवडायचं, असं तिने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की हॉस्टेलला असताना कुणी तिसऱ्या मजल्यावर सुकट भाजली, तर ही अंगणातून धावत यायची. पहिली रक्ततपासणी झाली त्या दिवशी मी घरातली सगळी सुकट फेकून दिली होती, मीठ नको म्हणून. आता पुन्हा आणून काय उपयोग. ती कशालाच तोंड लावत नाही.

दृष्ट काढण्याचा विषय वैशालीने काढला नाही.

*

शुक्रवारी ऊन होतं. मिलिंदने गवतावर भागीची चादर अंथरली. प्रज्ञाला शाळेत पाठवलं नव्हतं. तिला हजर राहायचं होतं, आणि आम्ही हो म्हटलं होतं. डॉक्टर मागच्या गल्लीतून फाटक उघडून आल्या, त्यांनी बॅग बागेतल्या टेबलावर ठेवली, आणि त्या बॅगेच्या कुलपाचा खटका वाजताच, कित्येक दिवस आपल्या पायांवर धड उभी न राहिलेली भागी चादरीवरून उठून सायकली ठेवायच्या लाकडी खोपटाखाली शिरली.

मिलिंद पालथा पडला, हात पोचेना. प्रज्ञाने आत टॉर्च मारला. अगदी मागे, विटेला टेकून ती बसली होती.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बोलवा तिला. तुमच्या आवाजाला ती येते."

मी गुडघे टेकून बसले. तोंड उघडलं. "ये गं बाळा" एवढंच म्हणायचं होतं. ती आली असती.

मला ते म्हणता येईना.

"आई," प्रज्ञा म्हणाली. मराठीत. "नको बोलावूस."

आणि तेव्हा वास आला. आधी मला वाटलं, आपल्याला भास होतो आहे. मी मान वळवली. वैशालीच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यातून निळसर धूर बाहेर पडत होता. आतून वैशालीच्या ठसक्याचा आवाज येत होता.

मग ती कुंपणापाशी आली. नाकावर दोन मास्क, डोळ्यांत पाणी, लांब धरलेल्या हातात स्टीलची वाटी. वाटीकडे न बघता तिने ती कुंपणावरून मिलिंदकडे दिली. "आइंडहोवनहून आणलीय सायकलवर," ती म्हणाली. "काळी झालीय जराशी. मला कधी थांबायचं ते कळेना."

मिलिंदने वाटी खोपटासमोरच्या विटांवर ठेवली. खोपटाखाली खरखर झाली. आधी मिशा दिसल्या, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. भागी दर दोन पावलांना थांबत वाटीपर्यंत आली. कुणी हललं नाही. तिने हुंगलं, आणि ती खाऊ लागली.

डॉक्टर टेबलापाशी उभ्या होत्या. एक हात बॅगेत तसाच होता. त्यांनी कुंपणापलीकडे पाहून विचारलं, "फार खारट आहे का हे?"

वैशालीने मास्क सारखा केला आणि क्लासमध्ये शिकलेल्या शुद्ध डचमध्ये उत्तर दिलं, "मला माहीत नाही. मी शाकाहारी आहे."

भागी वाटी चाटत होती. वाटी विटांवर सरकून किणकिणत होती. डॉक्टरांनी हात बाहेर काढला, बॅग बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"एव्हन आनकाइकन," त्या म्हणाल्या.

किती दिवस, ते मी विचारलं नाही.